बहुमत मोजायचं कुठे?

ओटावातल्या मराठी मंडळींमध्ये इथल्या राजकारणाचा विषय निघाला की एक समज हमखास पुढे येतो: ज्याच्या जागा सर्वांत जास्त तो जिंकला, आणि बाकीच्यांनी एकत्र येऊन त्याला खाली खेचणं म्हणजे मागच्या दाराने सत्ता मिळवणं. इथेच जन्मलेल्या नागरिकांमध्येही तो तितकाच पक्का आहे. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी सरकार जी पुस्तिका देतं, तिच्यातही सरकार महत्त्वाच्या मतदानात हरलं तर पुढची पायरी म्हणून निवडणुकीचंच नाव येतं. पण दुसरी वाटही आहे. त्याच सभागृहातून, त्याच निवडून आलेल्या खासदारांच्या बळावर दुसरं सरकार उभं राहू शकतं. २००८ च्या डिसेंबरात ओटावात ही वाट खुली होती. ती जाणूनबुजून बंद केली गेली, आणि त्यात कॅनडाच्या संसदेचं जे नुकसान झालं ते अजून भरून निघालेलं नाही, असं मला वाटतं.

१४ ऑक्टोबर २००८ च्या निवडणुकीत पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ३०८ पैकी १४३ जागा मिळाल्या. लिबरल ७७, ब्लॉक केबेक्वा ४९, न्यू डेमोक्रॅटिक ३७. हार्पर यांना बहुमताला बारा जागा कमी होत्या. जगभर मंदीची धास्ती असताना २७ नोव्हेंबरला अर्थमंत्री जिम फ्लेहर्टी यांनी आर्थिक निवेदन मांडलं. अर्थव्यवस्थेला हात देणारा मोठा खर्च त्यात नव्हता. उलट पक्षांना दर मतामागे मिळणारं सरकारी अनुदान बंद करायचं आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संपाचा हक्क काही काळ काढून घ्यायचा, असे प्रस्ताव होते. ओटावा हे सरकारी नोकरदारांचं शहर; इथे तो घाव घराघरात जाणवणारा होता. अनुदान गेलं असतं तर विरोधी पक्षांचं कंबरडंच मोडलं असतं. १ डिसेंबरला लिबरल नेते स्तेफान दिओं आणि न्यू डेमोक्रॅटिकचे जॅक लेटन यांनी आघाडी सरकारच्या करारावर सह्या केल्या. ब्लॉकच्या जिल द्युसेप यांनी दीड वर्ष बाहेरून पाठिंब्याची हमी दिली. अविश्वासाचं मतदान ८ डिसेंबरला व्हायचं होतं. ४ तारखेला हार्पर रिडो हॉल या निवासस्थानी जाऊन गव्हर्नर जनरल मिकाएल जाँ यांना भेटले. दोन तासांहून अधिक चाललेल्या त्या भेटीनंतर अधिवेशन २६ जानेवारीपर्यंत संस्थगित झालं, आणि ८ तारखेचं मतदान झालंच नाही.

जनतेने हार्पर यांना निवडलं होतं, हा आघाडीवरचा पहिला आक्षेप. कॅनडाच्या मतपत्रिकेवर पंतप्रधानपदाचा उमेदवार नसतो. मतदार आपल्या मतदारसंघाचा खासदार निवडतो. हार्पर यांच्या पक्षाला अडतीस टक्क्यांहून कमी मतं होती. याच देशाच्या लोकसंख्येने सर्वांत मोठ्या प्रांतात, ऑन्टारिओत, १९८५ साली कॉन्झर्व्हेटिव्ह ५२ जागा घेऊन पहिले आले, पण ४८ जागांच्या लिबरलांनी २५ जागांच्या न्यू डेमोक्रॅटिकशी करार केला, फ्रँक मिलर यांचं सरकार सभागृहात हरलं आणि डेव्हिड पीटरसन निवडणुकीशिवाय प्रीमियर झाले. त्यामुळे ऑन्टारिओत लोकशाही बुडाली नाही. दुसरा आक्षेप जास्त भावनेचा होता: ज्या ब्लॉकला क्वेबेक वेगळा हवा त्याच्या आधारावर देशाचं सरकार कसं चालवायचं? हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. पण ब्लॉकला मंत्रिमंडळात जागा नव्हती, आणि स्वतः हार्पर यांनी २००४ मध्ये लेटन आणि द्युसेप यांच्यासह गव्हर्नर जनरलना पत्र लिहून, तेव्हाचे लिबरल पंतप्रधान पॉल मार्टिन यांनी संसद विसर्जित करायला सांगितलं तर इतर पर्यायांचाही विचार करावा, अशी विनंती केली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्वेबेकच्या ७५ पैकी ४९ जागा ब्लॉकने जिंकल्या होत्या. क्वेबेकने देशातच राहावं असा आग्रह धरायचा आणि त्याने निवडलेल्या खासदारांचं मत मात्र सरकार ठरवताना मोजायचं नाही, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

खरा जड आक्षेप दिओं यांच्याबद्दलचा आहे. प्रचारात त्यांनीच आघाडी नाकारली होती. शिवाय पराभवानंतर त्यांचं पक्षनेतेपदही संपत आलं होतं. ही मतदारांशी केलेली प्रतारणा होती, हे मान्य करावंच लागेल. पण तिचा हिशेब पुढच्या निवडणुकीत मतदारांनी करायचा. ज्याच्यावर अविश्वास येऊ घातला आहे त्या पंतप्रधानाने सभागृहाला कुलूप लावून नव्हे. काही जण म्हणतात की त्या विश्रांतीनेच भलं झालं, कारण २७ जानेवारी २००९ चा अर्थसंकल्प मोठ्या खर्चाचा आला आणि लिबरलांनी नव्या नेत्याच्या, मायकेल इग्नाटिएफ यांच्या हाताखाली त्याला पाठिंबा दिला. अर्थसंकल्प सुधारला हे खरं. तो सुधारला पराभवाच्या भीतीने, म्हणजे सभागृहाच्या ताकदीने. ती ताकद ८ डिसेंबरलाही तितकीच खरी होती.

महाराष्ट्राने नोव्हेंबर २०१९ मध्ये याच प्रश्नाचं वेगळं उत्तर पाहिलं. निवडणुकीपूर्वीची भाजप-शिवसेना युती मोडली होती, जनादेशाशी प्रतारणा झाल्याचा आरोप तिथेही होता, २३ तारखेला देवेंद्र फडणवीस यांचा मुख्यमंत्रिपदाचा पहाटेचा शपथविधी उरकला होता. २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सरकार कोणाचं असावं हे सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सभागृहात बहुमत सिद्ध करा एवढंच सांगितलं, आणि फडणवीस यांनी २६ तारखेलाच राजीनामा दिला. कॅनडात तसा अडसर नव्हता, म्हणून २००८ चा पायंडा पडला. ३० डिसेंबर २००९ ला, कॅनडाच्या सैन्याने अफगाण यंत्रणेच्या हवाली केलेल्या कैद्यांच्या कागदपत्रांवरून संसद सरकारला घेरत असताना, हार्पर यांनी पुन्हा अधिवेशन संस्थगित करवलं. मार्च २०१० मध्ये सभागृहाने ठराव केला की सात दिवसांहून अधिक काळ अधिवेशन संस्थगित करायचं तर आधी सभागृहाची संमती घ्यावी. लिबरलांनी त्याच्या बाजूने मत दिलं, पण ठराव बंधनकारक नव्हता. ६ जानेवारी २०२५ ला, तिन्ही मोठे विरोधी पक्ष सरकार पाडायला तयार असताना, लिबरल पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी पद सोडण्याची घोषणा केली आणि त्याच दिवशी अधिवेशन २४ मार्चपर्यंत संस्थगित करवलं. सभागृहाची संमती त्यांनीही घेतली नाही.