थाळनेरची वाटणी

दिवाळीनंतर शिरपूरला वन्संकडे गेले होते. "वहिनी, थाळनेर पाहिलं नाहीत? लता मंगेशकरांचं आजोळ ते!" असं म्हणत त्यांनी मला एस्टीत बसवलंच.

तापीकाठी पडका किल्ला आणि जवळच फारुकी राजांच्या घुमटांच्या कबरी. खानदेशचं राज्य एकेकाळी इथून चाललं, हे धुळे-जळगावच्या आपल्या किती जणींना ठाऊक असतं? मलिक राजाने १३९९ साली मरताना दोघा मुलांत वाटणी केली. थाळनेर मिळालं धाकट्या हसनला. थोरल्या नासीरने असीरगड कपटाने घेतला, बुऱ्हाणपूर वसवलं. तरी डोळा थाळनेरवरच! १४१७ साली माळव्याच्या सुलतानाची मदत घेऊन तो सख्ख्या भावावर चालून आला. किल्ला घेतला, भावाला कैदेत टाकलं.

पण हाच नासीर लेकीसाठी मात्र हळवा बरं का! बहामनी घराण्यात दिलेल्या लेकीने सवतीचं गाऱ्हाणं कळवलं, तर म्हातारपणी सैन्य घेऊन निघाला. हरला, आणि १४३७ साली वारला.

"लेकीसाठी लढला, पण भावाचा वाटा काही सोडवेना," वन्सं हसत म्हणाल्या.

मला हसू येईना. जळगावच्या घराचं हक्कसोडपत्र माझ्या पिशवीत होतं. त्यांची सही घ्यायलाच यांनी मला पाठवलं होतं. वन्संनी शेवभाजीचा मसाला बांधून दिला, तो त्या कागदावरच ठेवला आणि तशीच जळगावला परतले.