भैरवी आणि पहाटेची गाडी

सोलापूर हे मागांचे गाव. त्याच्या पूर्व भागातील गल्ल्यांतून चालू लागले, की यंत्रमागांचा खटखटाट वाटसरूची सोबत करतो. घरात तेलुगू, बाजारात कन्नड आणि शाळेत मराठी अशा तीन भाषा येथे सहज नांदतात. अशाच एका गल्लीत एक वृद्ध विणकर राहत असे. त्याला लिहिता-वाचता बेताचेच येत होते. परंतु गाण्याचा कान मात्र देवाने त्याला चोख दिला होता. माग चालू असला, की त्याच्या ठेक्यावर तो मनातल्या मनात एखादी चीज घोळवीत असे.

डिसेंबर जवळ आला, की फळीवरच्या डब्यात तो चार-चार आणे टाकू लागे. ते पैसे पुण्याच्या गाडीभाड्याचे आणि तिकिटाचे. पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. त्या काळी महोत्सवातील मैफली रात्रभर चालत. सर्व रात्री हजर राहणे विणकराला परवडणारे नव्हते. म्हणून तो केवळ अखेरच्या रात्री जात असे. स्वतःचे वाहन नाही, पुण्यात नातलग नाही, आणि धर्मशाळेत उतरावे तर तेवढा खर्च अधिक. तेव्हा रेल्वे हेच त्याचे वाहन आणि महोत्सवाचा मांडव हेच त्याचे बिऱ्हाड!

एका वर्षी त्याने आपल्या अकरा वर्षांच्या नातवाला बरोबर घेतले. आजीने कडक भाकरी आणि शेंगांची चटणी फडक्यात बांधून दिली. साध्या डब्यात दाराजवळ दोघांना कशीबशी जागा मिळाली. मोहोळ गेले, माढा गेले, कुर्डुवाडी आली. नातू कंटाळला, तेव्हा आजोबा म्हणाले, "बाळ, ज्यांचे गाणे ऐकायला आपण चाललो आहोत, तेही तुझ्याएवढे असताना असेच आगगाडीत बसले होते. परंतु त्यांच्याजवळ तिकीट नव्हते."

"मग तपासनीसाने पकडले नाही का, आजोबा?" नातवाने डोळे मोठे करून विचारले.

आजोबा हसले आणि त्यांनी ती हकीकत सांगितली. भीमसेन जोशी मूळचे गदगचे. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात त्यांनी घर सोडले. जवळ पैसा नव्हता. गाडीतल्या उतारूंना गाणे ऐकवावे, कोणी काही दिले तर घ्यावे, असा प्रवास करीत ते पार ग्वाल्हेरपर्यंत पोहोचले. पुढे वडिलांनी त्यांना शोधून परत आणले. अखेर १९३६ साली त्यांना गुरू लाभले, ते आपल्याच मुलखात, धारवाडच्या बाजूला! "तिकीट न काढणे हे चूकच," आजोबांनी शेवटी बजावले, "परंतु गाण्यासाठी एवढे चालणारे पाय क्वचितच कोणाला मिळतात."

मांडवात थंडी मी म्हणत होती. हजारो माणसे घोंगड्या, शाली पांघरून बसली होती. मध्यरात्र उलटली तशी रागांची जात पालटू लागली. आपल्या संगीतात प्रत्येक प्रहराचे राग वेगळे. रात्रीचे राग सरून पहाटेचे स्वर उमटू लागले आणि त्याच वेळी मांडवाच्या कडेने आभाळ उजळू लागले. बाहेरचा प्रकाश आणि आतले स्वर यांचा तो मेळ पाहून नातवाची झोप कुठल्या कुठे पळाली.

महोत्सवाची सांगता बहुधा भीमसेनजींच्या गायनाने होई, आणि त्यानंतर सवाई गंधर्वांच्या आवाजातील भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकविली जाई. ती भैरवी विणकराने तेथे कधीच ऐकली नव्हती. दुपारची पाळी गाठावयाची तर पहाटेची गाडी पकडणे भाग असे. पाळी चुकली, की मजुरी चुकली! म्हणून दर वर्षी भीमसेनजींचे गाणे रंगात आले, की तो हळूच उठे, मंचाकडे पाहून हात जोडी आणि स्टेशनाची वाट धरी.

त्याही पहाटे तो उठला. त्याने पिशवी खांद्याला लावली आणि नातवाला हाक मारली. नातवाने ऐकले नाही. पुन्हा हाक मारली, तरी तो हलला नाही. त्याची नजर मंचावर खिळली होती. ओठ किंचित उघडे होते. विणकर क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने पिशवी खाली ठेवली आणि तो मुकाट्याने नातवाशेजारी बसला. गाडी गेली. भैरवी मात्र त्या दोघांनी अखेरच्या स्वरापर्यंत ऐकली.

परतीचा प्रवास एस.टी.ने झाला. इंदापूरपर्यंत दोघांनाही उभे राहावे लागले. टेंभुर्णीला नातवाच्या मनात काही आले आणि त्याने विचारले, "आजोबा, आज तुमची पाळी बुडाली ना?"

"बुडाली," आजोबा शांतपणे म्हणाले. "आता आठवडाभर चहा बिनदुधाचा."

नातू काही बोलला नाही. परंतु दुसऱ्या दिवसापासून, कोणी न सांगता, शाळेतून आल्यावर तो आजीजवळ बसून कांड्या भरू लागला. कांड्या भरताना तो काहीतरी गुणगुणत असे.

पुढे ध्वनिवर्धकांविषयीचे नियम आले आणि रात्रभराच्या मैफली बंद पडल्या. शेजाऱ्यांच्या झोपेसाठी ते नियम योग्यच. परंतु ज्याला परगावी परतावयाचे आहे आणि ज्याच्याजवळ वाहन नाही, त्याला रात्र काढावयास आता मांडव उरला नाही, हेही तितकेच खरे. २०११ साली भीमसेनजी निवर्तले. त्यांचे गाणे आज घरबसल्या हवे तेव्हा ऐकता येते. ही सोय थोर आहे. तरीही सोलापूरच्या फलाटावर डिसेंबरात एखादा माणूस पिशवीत भाकरी बांधून पुण्याच्या गाडीची वाट पाहत उभा दिसतो. घरबसल्या मिळणारे सूर सोडून तो एवढ्या लांब का जातो, हे त्या नातवाला विचारावे. भैरवी ऐकावयास किती मोल पडले, हे त्याने कांड्या मोजून जाणले आहे.