मुक्त माणसांची बँक

29 जून 1874 रोजी अमेरिकेतली एक बँक बंद झाली. तिचे नाव फ्रीडमन्स सेव्हिंग्ज अँड ट्रस्ट कंपनी. लोक तिला फ्रीडमन्स बँक म्हणत. जेमतेम नऊ वर्षांचे आयुष्य. दारे बंद झाली तेव्हा 61,144 खातेदारांचे जवळजवळ 30 लाख डॉलर आत अडकले होते. यातले बहुतेक खातेदार दहा वर्षांपूर्वी स्वतःच कुणाच्या तरी मालमत्तेच्या यादीत होते. त्यांच्या घामाच्या पैशाला आणि त्यामागच्या उमेदीला ही श्रद्धांजली.

बँकेचे मूळ यादवी युद्धात आहे. उत्तरेच्या फौजेत सुमारे 1 लाख 80 हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले. त्यांतल्या पुष्कळांच्या हातात आयुष्यात प्रथमच पगार पडत होता आणि तो सुरक्षित ठेवायला जागा नव्हती. म्हणून 1864 साली नॉरफोक, ब्यूफर्ट आणि न्यू ऑर्लिन्स इथे सेनाधिकाऱ्यांनी त्यांच्यासाठी बचत बँका काढल्या. तोच धागा धरून जॉन अल्वर्ड या धर्मोपदेशकाने पुढाकार घेतला आणि 3 मार्च 1865 रोजी अब्राहम लिंकन यांनी नव्या बँकेच्या सनदेवर सही केली. सहा आठवड्यांत त्यांचा खून झाला.

मुक्ती मिळाली, पण जमीन मिळाली नाही. जनरल शर्मन यांनी जानेवारी 1865 मध्ये दक्षिणेच्या किनारपट्टीवरची जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटण्याचा हुकूम काढला होता. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी तो फिरवला आणि बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांकडे परत गेली. आता जमीन हवी असेल तर पैसे साठवून विकत घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. धोबिणी, शेतमजूर, गवंडी, मोलकरणी पाच-पाच सेंटसुद्धा घेऊन बँकेत येऊ लागल्या. चर्चनी आणि परस्पर साहाय्य मंडळांनी आपला निधी इथेच ठेवला. शाखांची संख्या 37 वर गेली आणि काही शाखांत कृष्णवर्णीय रोखपालही बसू लागले. गुलामीने माणूस आळशी आणि उधळा झाला आहे, असे सांगत फिरणाऱ्यांना या लोकांनी आपल्या पासबुकांनी उत्तर दिले.

खाते उघडताना कारकून नाव विचारी, जन्मगाव विचारी, आईबाप, भावंडे, मुलेबाळे आणि कधी जुन्या मालकाचेही नाव टिपून घेई. 1860 च्या जनगणनेत गुलामांची नावे सहसा लिहिलेली नाहीत. मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग. अशा माणसांच्या विकल्या गेलेल्या, ताटातूट झालेल्या नातलगांची नावे या बँकेच्या वह्यांत उतरली. आज कृष्णवर्णीय कुटुंबे आपल्या पूर्वजांचा माग काढताना याच वह्या उघडतात.

ठेवी मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतवाव्यात, असे मूळ सनदेत होते. 1870 साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा बदलून जमीनजुमल्यावर कर्ज द्यायची मोकळीक दिली. बँकेच्या अर्थसमितीवर हेन्री कूक होते, फिलाडेल्फियाचे प्रसिद्ध पेढीवाले जे कूक यांचे भाऊ. धोबिणीची बचत ओळखीपाळखीच्या गोऱ्या धंदेवाल्यांच्या हातात जाऊ लागली, तीही कच्च्या तारणावर. सप्टेंबर 1873 मध्ये जे कूक यांची पेढी बुडाली, देशभर घबराट पसरली आणि ठेवी काढायला रांगा लागल्या. मार्च 1874 मध्ये बँकेच्या अध्यक्षपदी फ्रेडरिक डग्लस यांना आणले गेले. स्वतः गुलामीतून पळून आलेल्या या नेत्याने आपले 10,000 डॉलर बँकेत घातले. पण हिशेब उलगडले तेव्हा बँक आतून पोकळ झाल्याचे त्यांना कळले आणि त्यांनी ते काँग्रेसपुढे मांडले. झालेल्या नुकसानीची बदनामी मात्र त्यांच्याही नावाला चिकटली.

त्याच 1873 साली पुण्यात जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल जोतीरावांनी ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. त्यांची कृतज्ञता रास्तच होती. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स इथे कृष्णवर्णीयांचे हत्याकांड झाले होते आणि 1877 पर्यंत दक्षिणेतल्या उरल्यासुरल्या, युद्धानंतरच्या पुनर्रचना-सरकारांचा केंद्राने दिलेला आधारही संपला. मत, जमीन आणि बचत, तिन्ही थोड्याच वर्षांत हातातून निसटत गेले.

आपल्या ठेवींमागे सरकार उभे आहे, असे खातेदारांना वाटत होते. बँकेच्या माणसांनी तसे सांगितलेही होते. कायद्यात तशी हमी नव्हती. पुढे निम्म्याच्या आसपास खातेदारांना पुष्कळ वर्षांत, हप्त्याहप्त्याने सुमारे साठ टक्के रक्कम मिळाली. बाकीच्यांना काहीच नाही. त्यांनी काँग्रेसकडे अनेक दशके अर्ज केले. पूर्ण भरपाई कधीच झाली नाही. 2016 साली वॉशिंग्टनमध्ये अर्थखात्याच्या एका इमारतीला या बँकेचे नाव देण्यात आले. चांगले झाले. पण नाव देण्याने देणे फिटत नाही. माणसाला मुक्त करणाऱ्या सत्तेवर त्याची कमाई राखण्याचीही जबाबदारी येते. ती टाळली गेली आणि त्याची किंमत पाच-पाच सेंट साठवणाऱ्यांनी मोजली. त्या साठवणाऱ्यांना मनःपूर्वक अभिवादन.