समाजमंदिरांतील कोठी

या शाळेंतून सेवानिवृत्त झाल्यावर मी मुलीकडे अमेरिकेंत, न्यू जर्सी प्रांतांतील एका लहान गांवीं, दीड वर्ष राहून आलों. तेथील उंच इमारतींविषयीं कांहीं लिहावें अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. परंतु त्यांचीं चित्रें मुलांनीं माझ्यापेक्षां अधिक पाहिलीं आहेत. मला लिहावयाचें आहे तें त्या गांवच्या समाजमंदिराच्या तळघरांतील एका खोलीविषयीं. इंग्रजींत तिला पँट्री म्हणतात; आपला नेमका शब्द कोठी. फरक इतकाच कीं, आपल्या कोठीची किल्ली घरच्या मालकिणीच्या कमरेला असते, आणि ही कोठी दर शनिवारीं सकाळीं गांवांतील गरजू कुटुंबांना व वृद्धांना मोकळी असे. मी तेथें मदतीस जात असें.

एवढ्या संपन्न देशांत अशी कोठी लागावी कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचें उत्तर रांगेंतच मिळालें. रांगेंत नोकरी करणारीं माणसें होतीं, निवृत्तिवेतनावर राहणारे वृद्ध होते. घरमालक भाड्याचा आंकडा उतरवीत नाहीं, औषधवाला गोळ्या मोजूनच देतो. कमी करतां येतें तें फक्त ताटांतलें. सरकारची मदत तेथेंही आहे, परंतु ती पुष्कळांना महिनाभर पुरत नाहीं. म्हणून महिन्याच्या शेवटच्या शनिवारीं आमची रांग दारापासून रस्त्यापर्यंत जाई.

अशा कोठ्यांना माल पुरविणारी घाऊक वखार असते, तिला तेथें 'फूड बँक', म्हणजे अन्नपेढी, म्हणतात. पहिली अन्नपेढी 1967 सालीं ॲरिझोना प्रांतांतील फीनिक्स शहरीं जॉन व्हॅन हेंगेल या गृहस्थांनीं काढली. ते गरिबांच्या भोजनगृहांत विनावेतन काम करीत. दुकानांनीं टाकून दिलेल्या चांगल्या अन्नावर मुलें पोसणाऱ्या एका आईशीं त्यांची गांठ पडली. पेढींत जसा पैसा ठेवतात तसें हें अन्न कोठें तरी जमा ठेवावें, आणि लागेल त्यानें तें काढून घ्यावें, असें तिनें सुचविलें. सेंट मेरी चर्चनें जागा दिली, आणि ती पेढी आजही त्याच चर्चच्या नांवानें चालू आहे. कल्पनेची मूळ धनीण मात्र ती आई होय, हें विसरूं नये. पुढें 1996 सालीं तेथें कायदा झाला, कीं सद्भावनेनें अन्न देणाऱ्यावर, त्याची घोर हयगय नसेल तर, दाव्याची जबाबदारी येऊं नये. त्यामुळें दुकानदारांची एक भीति गेली.

मला प्रथम डबे निवडावयास बसविलें. फुगलेला डबा टाकावयाचा, गंजलेला टाकावयाचा, शिवणीवर चेपलेलाही टाकावयाचा. अंगावर थोडा पोंचा असेल तर चालतो. डब्यावरील तारीख पाहून मी प्रथम पुष्कळसा माल बाजूला काढूं लागणार, तोंच तेथील व्यवस्थापक बाईंनीं समजाविलें कीं, ती तारीख बहुधा चवीची असते, बिघाडाची नव्हे. तान्ह्या मुलांच्या दुधाची भुकटी मात्र तारखेनंतर कोणासही द्यावयाची नाहीं. तरीही लोक काय काय आणून देतात! अर्धी वापरलेली मसाल्याची बाटली मीं स्वतःच्या हातानें केराच्या डब्यांत टाकली आहे. घरांतील अडगळ काढणें आणि दान करणें यांत कांहींसें अंतर असावें.

पूर्वी त्या कोठींत भरलेल्या पिशव्या वांटीत. सर्वांना सारखी पिशवी, म्हणजे वरवर पाहतां न्याय. परंतु दांत नसलेल्या म्हातारीला कडक बिस्किटें जात, मधुमेह्याला पाकांतलीं फळें जात, आणि ज्याच्या खोलींत चूल नाहीं त्याला कोरडा राजमा. पिशव्यांतील निम्मा माल बाहेरच्या बांकावर सोडून लोक घरीं जात. मग फळ्या मांडल्या, ढकलगाड्या आणल्या, आणि दुकानांत निवडावें तसें ज्यानें त्यानें निवडावें असें ठरलें. नांव आणि घरांतील माणसांची संख्या, एवढेंच दारांत लिहून घेत. आपल्याकडे 2013 सालच्या कायद्यानें स्वस्त धान्य हा पात्र कुटुंबांचा हक्क ठरला आहे. हक्काचें धान्य घेतांना मान खालीं घालावी लागूं नये. कोठींतला डबा हक्काचा नव्हे, शेजाऱ्यानें दिलेला. म्हणून तो कसा दिला जातो, याला तेथें फार महत्त्व.

माझे आजोबा पुण्यास वार लावून जेवून शिकले. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या. कोणत्या घरीं काय वाढीत, हें ते उतारवयांत पार विसरले होते. पण कोणत्या घरीं पाट घरच्या मुलांच्या पंक्तींत मांडीत आणि कोणत्या घरीं पडवींत, हें त्यांना वारानिशीं आठवे.

हें आठवण्याचें कारण असें. बागेंतील बांकावर एका मराठी वृद्ध दांपत्याशीं माझी ओळख झाली होती. त्यांच्या मुलाची नोकरी गेल्याचें गांवांत कानावर आलें होतें; स्वतः ते कधीं बोलले नाहींत. एका शनिवारीं तीं दोघें समाजमंदिराच्या फाटकाशीं मला दिसलीं. मी त्या वेळीं दारांत वही घेऊन बसलों होतों. त्यांनीं मला पाहिलें, आणि जणूं फिरावयासच आलों आहों अशा रीतीनें तीं पुढें निघून गेलीं. पुढच्या शनिवारीं पुन्हां तसेंच. अनोळखी माणसासमोर हात पसरणें अवघड खरें, परंतु आपल्या भाषेच्या माणसासमोर तें त्याहून अवघड असतें. मीं बाईंना कांहीं न सांगतां दारांतील काम सोडलें आणि फळ्यांच्या मागें, डबे निवडण्याच्या खोलींत, बसूं लागलों.

तिसऱ्या शनिवारीं फळीपलीकडून शब्द ऐकूं आले. "अहो, या चण्यांत मीठ फार आहे." थोड्या वेळानें दुसरा आवाज म्हणाला, "असूं दे, धुऊन घेऊं." मीं हातांतला डबा आवाज न करतां खालीं ठेवला, आणि तीं दोघें निघून जाईपर्यंत दुसरा उचलला नाहीं.