एक जानेवारीला जन्मलेली माणसं

बॉस्टनजवळ एका चर्चच्या तळघरात दर मंगळवारी संध्याकाळी अर्ज भरून देण्याचं काम चालतं. टेबलाच्या एका बाजूला आश्रय मागायला आलेला माणूस, समोर स्वयंसेवक आणि शेजारी दुभाषी. समाजकार्य शिकणारी पुण्याची एक मुलगी इथल्या छोट्या संस्थेत उन्हाळ्याच्या दहा आठवड्यांसाठी इंटर्न म्हणून आली. स्वयंसेवकांचं प्रशिक्षण माझ्याकडे असतं, त्यामुळे तिचं कामही मीच ठरवलं: साठ पानांचं जुनं प्रशिक्षण-पुस्तक नव्यानं लिहायचं.

पहिल्या मंगळवारी तिला नुसतं बसून पाहायला सांगितलं होतं. समोर एक अफगाण कुटुंब होतं. २०२१च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर विमानानं बाहेर काढलेल्या हजारो लोकांपैकी हे एक. अशा बहुतेकांना अमेरिकेत तात्पुरता प्रवेश मिळाला. कायम राहण्यासाठी अनेकांना आश्रयाचा अर्ज करावा लागला. वडील, आई, थोरला मुलगा, तिघांचीही जन्मतारीख १ जानेवारी. अर्ज भरणारे निवृत्त शिक्षक थबकले. कागद खोटे असावेत, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर उमटली.

मुलीला मात्र नवल वाटलं नाही. साताऱ्याकडच्या तिच्या आजोबांचा आणि त्यांच्या दोन्ही भावांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनचा आहे. गुरुजींनी नाव घालताना वयात बसेल अशी तारीख टाकली, आणि तीच पुढे पेन्शनच्या कागदांपर्यंत गेली.

अफगाणिस्तानातलं सौर वर्ष नवरोजला, म्हणजे २१ मार्चच्या सुमारास सुरू होतं. अनेकांना जन्माचं साल तेवढं माहीत असतं. परदेशी कचेऱ्या त्यापुढे १ जानेवारी लावून मोकळ्या होतात. इथिओपियाची गोष्ट आणखी वेगळी. तिथं वर्षाला तेरा महिने, साल आपल्यापेक्षा सात-आठनं मागे, आणि घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. ब्राझीलच्या माणसानं ३/४ लिहिलं तर ती ३ एप्रिल असते. अमेरिकन स्वयंसेवक ती ४ मार्च वाचतो.

हे सगळं कारकुनी वाटेल. पण आश्रयाचा खटला बहुतेक वेळा माणसाच्या शब्दावरच उभा असतो. छळ करणारं सरकार किंवा टोळी त्याचा दाखला देत नाही. तो माणूस तीच हकीकत अर्जात लिहितो, अधिकाऱ्यापुढे सांगतो, पुढे कोर्टात पुन्हा सांगतो. २००५च्या रिअल आयडी कायद्यानं न्यायाधीशाला असा अधिकार दिला, की जबाबातली कुठलीही विसंगती, मग ती मूळ मुद्द्याशी निगडित नसली तरी, विश्वासार्हता ठरवताना धरता येते. मदत म्हणून स्वयंसेवकानं ‘सुधारलेली’ एक तारीख त्या माणसाला खोटं पाडू शकते.

मराठीत ‘निर्वासित’ म्हटलं की जुन्या पिढीला कल्याण कॅम्प आठवतो, म्हणजे आजचं उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना तिथं वसवलं. आपण का पळून आलो, हे एकेकट्यानं न्यायाधीशापुढे शाबीत करण्याची अट त्यांना नव्हती. आश्रयार्थ्याला ती असते. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट, या पाचांपैकी एका कारणानं छळाची भीती आहे हे त्यानं दाखवायचं, अमेरिकेत आल्यापासून साधारण एका वर्षाच्या आत अर्ज करायचा, आणि सरकारी खर्चानं वकील मिळेल अशी आशा धरायची नाही. भारतानं १९५१च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे आपल्याकडून येणाऱ्या स्वयंसेवकांना ही सगळी रचना मुळापासून समजावावी लागते.

वकील नाही म्हटल्यावर पोकळी भरायला इतर येतात. लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांत ‘नोतारियो’ म्हणजे कायद्याचा पदवीधर, वजनदार माणूस. अमेरिकेतला नोटरी बहुतेक ठिकाणी फक्त सही साक्षांकित करतो. या एका शब्दाच्या आधारे कित्येकांचे पैसे आणि खटले बुडाले आहेत. म्हणूनच प्रशिक्षणातला एक नियम मी कधीही सैल करत नाही: अर्जात कोणतं कारण मांडायचं, काय गाळायचं, हा सल्ला वकील किंवा न्याय विभागाची मान्यता असलेला प्रतिनिधीच देईल. स्वयंसेवकाचा हेतू कितीही चांगला असला तरी.

मुलीनं चार मंगळवार स्वयंसेवकांचेच प्रश्न वहीत टिपले. जुन्या पुस्तकात कायद्याचा इतिहास पानोपानी होता. वहीतले प्रश्न वेगळेच होते. बाई रडायला लागली तर काय करू? ग्वातेमालाचा माणूस स्पॅनिशला मान डोलावतो, पण त्याला समजतंय का? (त्याची भाषा माम किंवा किचे असू शकते, हे आधी विचारायला हवं.) सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक तिनं तांबड्या शाईत लिहिली होती: स्वयंसेवक सहानुभूतीनं विचारतात, “तुमच्यावर काय प्रसंग आला?” घर शोधायला किंवा मुलाला शाळेत घालायला आलेल्या माणसानं तुरुंगातली रात्र पुन्हा का सांगावी? शाळेसाठी ती हकीकत लागतच नाही. १९८२च्या प्लायलर खटल्यापासून स्थलांतराच्या कागदांवरून मुलाला सरकारी शाळा नाकारता येत नाही.

साठ पानांची अठरा झाली. उरलेला वेळ तिनं सरावाला दिला. एकानं आश्रयार्थी व्हायचं, दुसऱ्यानं अर्ज भरायचा, तिसऱ्यानं चुका मोजायच्या. एका प्रसंगात कुटुंब नव्या घरात गेलेलं असतं आणि ते बोलता बोलता सहज सांगतं. ते वाक्य बहुतेकांच्या लक्षातच यायचं नाही. पत्ता बदलला की पाच कामाच्या दिवसांत कोर्टाला कळवावं लागतं. नाहीतर सुनावणीची नोटीस जुन्या दारात पडते आणि गैरहजेरीतच देश सोडण्याचा हुकूम निघू शकतो.

ऑगस्टमधल्या शेवटच्या वर्गात तिनं सुरुवातीलाच प्रत्येकाला आजी किंवा आजोबांची जन्मतारीख लिहायला सांगितली, आणि ती खरी आहे हे कशावरून, तेही. बावीस जणांपैकी नऊ जण अडले. ते निवृत्त शिक्षक त्यांतलेच. आयर्लंडहून आलेल्या त्यांच्या आजीच्या दोन कागदांवर दोन वेगळी सालं होती. तिनं बोटीवर वय चोरलं, असं घरात हसून सांगत. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी त्या अफगाण कुटुंबाची फाइल मागून घेतली आणि जूनमध्ये आपण समासात पेन्सिलीनं काढलेली तीन प्रश्नचिन्हं खोडून टाकली.