घराचा उंबरा
कॅनडाच्या २०२१च्या जनगणनेत पंधरा वर्षांखालील मुलांमध्ये आदिवासी मुलं ७.७ टक्के होती; फॉस्टर केअरमधल्या मुलांत मात्र ५३.८ टक्के. या तफावतीमागे आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांचा आणि साठच्या दशकात मुलं उचलून परक्या घरी दत्तक देण्याचा इतिहास आहे.

या सगळ्यात मन अडतं ते इस्पितळातल्या एका पलंगापाशी. मॅनिटोबा प्रांतातल्या नॉर्वे हाउस क्री समाजाचा जॉर्डन रिव्हर अँडरसन जन्मापासून तिथेच होता. डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला परवानगी दिली. पण शुश्रूषेचा खर्च केंद्राने करायचा की प्रांताने, हा वाद दोन वर्षांहून अधिक रेंगाळला. २००५ साली, पाच वर्षांचा असताना, तो इस्पितळातच वारला. घराचा उंबरा त्याने कधी ओलांडलाच नाही. आधी मदत, पैशाचा वाद नंतर, हे तत्त्व आता त्याच्या नावाने ओळखलं जातं.

कॅनडात १ जानेवारी २०२०पासून लागू झालेल्या कायद्याने मुलांच्या संगोपनाचा अधिकार आदिवासी समाजांचा मानला. मूल कुठे ठेवायचं? आधी आईवडील, मग नातलग, मग त्याच समाजातलं घर, असा क्रम ठरला. आजीच्या कुशीत भाषाही आपसूक मिळते. संस्थेत ती मिळत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा पूर्णपणे वैध ठरवला.