घराण्याचा कारखाना, परक्यांची झडप

इंग्लंडमधल्या लँकेशायरातील बोल्टनच्या हिक घराण्याच्या, गिरण्यांसाठी वाफेची इंजिने बनवणाऱ्या सोहो फाउंड्रीचा इतिहास बापाकडून मुलाकडे गेलेल्या कौशल्याची गोष्ट म्हणून सांगण्याची पद्धत आहे. तो अभ्यासताना मला उलटेच दिसत गेले. हा कारखाना टिकला तो बाहेरच्यांना वेळेवर आत घेतल्यामुळे. बेंजामिन हिक स्वतः लीड्समध्ये मॅथ्यू मरेच्या कारखान्यात तयार झालेला. बोल्टनला येऊन आधी दुसऱ्याच्या फाउंड्रीत भागीदार झाला, मग 1833 मध्ये मुलांना घेऊन त्याने स्वतःची ओतशाळा उभारली. लीड्सच्या टेम्पल मिलसाठी त्याने इजिप्शियन देवळाच्या थाटाचे इंजिन बनवले. गिऱ्हाइकाची हौस, दुसरे काय! 1842 मध्ये तो वारला. धुरा थोरल्या जॉनकडे आली आणि पुढे मेहुणा विल्यम हार्ग्रीव्हज भागीदार झाला.

खरा पालट 1860 च्या दशकातला. गिरणीला नुसती ताकद पुरत नाही, वेग एकसारखा लागतो. तो हलला की सूत तुटते आणि साच्यावरच्या कापडात दोष येतो. अमेरिकेतल्या कॉर्लिसने 1849 मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत वाफ आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या झडपा वेगळ्या होत्या. भार कमी झाला की गव्हर्नर, म्हणजे वेगावर नजर ठेवणारी यंत्रणा, आत येणारी वाफ लवकर तोडायचा. त्यामुळे वेग सांभाळला जाई आणि कोळसाही वाचे. ही रचना विल्यम इंग्लिस या अभियंत्यामार्फत सोहोत आली. कोळसा महाग असलेल्या मुंबईच्या गिरणीमालकाला अशा बचतीचे मोल लँकेशायरपेक्षाही अधिक होते. जॉन हिक 1868 मध्ये खासदार होऊन धंद्यातून बाजूला झाला, तरी कारखाना अडला नाही. मला हा पुरावा निर्णायक वाटतो.

यावर कोणी म्हणेल, घरचे भांडवल आणि नाव नसते तर परके आले असते कशाला? पहिल्या दहा-बारा वर्षांपुरते हे मान्य. पण नाव तर बोल्टनच्याच मस्ग्रेव्ह घराण्याचेही मोठे होते, आणि तो कारखाना दोन महायुद्धांच्या मधल्या मंदीत बुडाला. कॉर्लिस झडपा नंतर इतरांनीही बसवल्या, तेव्हा केवळ झडपेने हिक तरले असेही नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचे उत्तर कंडेन्सरमध्ये सापडते. वापरलेली वाफ थंड करून पोकळी निर्माण करण्याचे काम इंजिनासाठी करावेच लागे. वीजकेंद्रांत टर्बाइन आल्यावर तेच ज्ञान नव्या मालासाठी कामी आले. मस्ग्रेव्हसह बंद पडलेल्या चार कारखान्यांचे आराखडे आणि ओतकामाचे नमुनेही याच कंपनीने घेतले. जुन्या गिरण्यांना सुटे भाग लागतच होते, आणि कुणाच्या इंजिनावर कुणाचे नाव कोरले आहे याची फिकीर सुटे भाग ओतणाऱ्याला नसते.